अकरा इंची लॅपटॉप एकदा झाकण उघडून तपासण्याबाबत

प्रति,
मा. यंत्र-तपासणी अधिकारी,
फिरते कळप नोंद कक्ष, पहिला मजला,
जुन्नर, जि. पुणे.

अर्जदार : ऋतिका दादाभाऊ खेमनर, वय २४, शिक्षण बी.ए., व्यवसाय मेंढपाळ. कायमचा पत्ता : आणे, ता. जुन्नर. सध्याचा पत्ता : कळप असेल तिथे.

विषय : अर्जदाराचा जुना, लहान व स्वस्त लॅपटॉप झाकण न उघडताच 'दैनंदिन कामास अयोग्य' ठरविल्याबाबत, आणि तो एकदा उघडून पाहण्याबाबत.

संदर्भ : १) कळप-नोंद सहायक पदाची जाहिरात, दि. ६ जानेवारी २०२५.
२) आपला तपासणी शेरा, दि. २ मे २०२५ (एकूण ओळी दोन).
३) अर्जदाराचा पहिला अर्ज, दि. ५ मे २०२५, जो परत आला.

महोदय,

१. संदर्भ तीनमधला अर्ज आपल्या कार्यालयाने तिसऱ्या दिवशी परत केला. त्यावर आपले लिपिक बाळासाहेब यांनी पेन्सिलीने लिहिले होते की, 'अर्जात इतक्या वेळा मी-मी करू नये, अर्जदार असे लिहावे.' हा शेरा शिरसावंद्य मानून हा अर्ज नव्याने लिहिला आहे. यात ऋतिका खेमनर नावाची जी मुलगी येते, जाते, हात जोडते आणि मधूनमधून रागावते, ती अर्जदारच आहे असे समजावे. अर्जदाराने रागवावे की नाही याबद्दल जाहिरातीत काही म्हटलेले नाही, सबब रागवायला हरकत नसावी असे तिने गृहीत धरले आहे.

२. प्रथम हे पद कशासाठी आहे ते सांगणे भाग आहे, कारण आपल्या शेऱ्यात लॅपटॉपचे वय आहे, आकार आहे, किंमत आहे, पण मेंढी कुठेच नाही. आणे पठारावरचे अकरा कळप दिवाळीनंतर खाली उतरतात आणि वैशाखात परततात. मधले सहा महिने ते ओझर, डिंगोरे, पुढे आंबेगाव तालुक्यात घोड नदीच्या काठाने, असे फिरत असतात. सहायकाने त्यांच्याबरोबर फिरायचे आणि प्रत्येक मेंढीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, तिचे वय आणि तिला दिलेली लस यांची नोंद ठेवायची. नोंद असेल तर पुढची लस मिळते. नोंद नसेल तर मेंढी असून नसल्यासारखी.

गेल्या वर्षी पावसाआधी आंत्रविषार या रोगाची लस आली होती. तेव्हा खेमनरांचा कळप घोड नदीच्या काठी होता आणि नोंदवही जुन्नरला कपाटात होती. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते. लस आली तशी परत गेली. आषाढात कोवळे गवत खाऊन तीन दिवसांत एकोणीस मेंढ्या मेल्या. सकाळी उड्या मारत गेलेले जनावर दुपारी पाय ताणून पडलेले सापडायचे. अर्जदाराचे आजोबा राघू खेमनर, ज्यांना सगळे पठार राघूबाबा म्हणते, त्यांनी एकोणीस खड्डे स्वतःच्या देखरेखीखाली खणून घेतले आणि चौथ्या दिवशी जेवले. अर्जदाराला हे पद हवे आहे ते त्या तीन दिवसांसाठी. मानधन नको असे ती म्हणणार नाही, खोटे बोलून अर्ज करण्याची तिला सवय नाही.

३. जाहिरातीत यंत्राबद्दल एकच वाक्य होते : 'उमेदवाराकडे स्वतःचा, दैनंदिन कामास योग्य असा संगणक असावा.' पडदा किती इंचाचा, जन्म कोणत्या सालचा, याबद्दल अवाक्षर नव्हते. अर्जदाराने ती जाहिरात सात वेळा वाचली आणि मग आळेफाट्याला रुपेश यांच्या दुरुस्तीच्या दुकानात गेली.

रुपेश यांच्याकडे एका काचेच्या कपाटात अकरा इंची, सव्वा किलो वजनाचा, बारा वर्षांपूर्वीचा एक लॅपटॉप होता. साडेसात हजारांत त्यांनी तो दिला, आणि देण्याआधी त्याचे सगळे दोष स्वतःहून सांगितले. त्यांचे शब्द असे होते : "ताई, हे लई जुनं हाय, पण मेलेलं नाय. बॅटरी मी नवी टाकलीय, आतली डिस्क बदललीय, त्यानं जरा चपळ झालंय. पण याच्यावर पिक्चर बघायला बसाल तर मला शिव्या द्याल. लिवायचं, आकडे भरायचे, मेल धाडायचा, एवढंच करा. त्यात ते तुम्हाला फसवणार नाय." महोदय, माल विकताना त्याचे दोष आधी सांगणारा माणूस अर्जदाराने तोवर घरातच पाहिला होता. म्हणून तिने तो लॅपटॉप घेतला.

४. खेमनरांच्या घरात कोणतेही जनावर परखल्याशिवाय कळपात घेत नाहीत. राघूबाबा विकत घ्यायच्या मेंढीचे आधी तोंड उघडून दात बघतात. मग पाठीवरून हात फिरवतात, पाय उचलून खूर पाहतात, आणि एवढे करूनही तिला तीन मुक्काम कळपाबरोबर चालवल्याशिवाय सौदा पक्का करत नाहीत. लॅपटॉप घरी आला तेव्हा बाबांनी तो मांडीवर घेतला, उघडला आणि कळांवरून अंगठा फिरवला. उजवीकडची एक कळ रंगाने वेगळी होती, रुपेश यांनी दुसऱ्या यंत्राची काढून बसवलेली. ती बाबांनी पहिल्या नजरेत हेरली आणि म्हणाले, "ह्यो दात मागनं बसवलाय. बाकीचे धड हायेत." मग त्यांनी त्याच्या पोटाला हात लावून ऊब पाहिली, एका हाताने उचलून वजन पाहिले आणि निकाल दिला : "चालंल. पण तीन मुक्काम कमी पडत्यात. आपल्या सबंद फेरीत चालवून बघ."

त्याप्रमाणे अर्जदाराने तो लॅपटॉप १५ जानेवारी ते १४ एप्रिल असे नव्वद दिवस कळपाबरोबर चालवून पाहिला. कोणत्याही यंत्राची इतकी तपासणी आपल्या कक्षाने आजवर केली असेल तर तिचा अहवाल वाचायला अर्जदाराला आवडेल.

५. नव्वद दिवसांत जे दिसले ते पुढे लिहिले आहे. यात दोषही आहेत. ते लपवले असते तर बाबांनी या अर्जावर अंगठा उठवला नसता.

लॅपटॉप सुरू व्हायला अडतीस सेकंद लागतात. तेवढ्यात अर्जदार मेंढी पकडते, तिचा कान पुसते आणि बिल्ल्यावरचा नंबर वाचते, त्यामुळे दोघांची वेळ जुळून येते. एकदा चार्ज केल्यावर लिखाणाचे काम चार तास चाळीस मिनिटे चालते. चार्जिंगची अडचण पहिल्या आठवड्यात आली, मग सुटली. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरे बसवायला बोलावतो तेव्हा पूर्वी फक्त शिधा ठरायचा. आता अर्जदाराची आई तुकाबाई शिधा ठरवतानाच सांगते, "आन् हिरीवरच्या मोटारीच्या पेटीपाशी पोरीला चार्जिंगला एक पलग लागंल." अजून एकाही शेतकऱ्याने नाही म्हटलेले नाही. डिंगोऱ्याच्या एका भल्या माणसाने तर ऊन लागू नये म्हणून त्या पेटीवर गोणपाट बांधून दिले.

उन्हात पडदा दिसत नाही. मंद दिसतो असे नव्हे, अजिबात दिसत नाही, त्यात आपलेच तोंड दिसते. यावर अर्जदाराने डोक्यावरून घोंगडी घेऊन आत बसण्याचा उपाय शोधला. मार्चच्या दुपारी घोंगडीच्या आत बसून नंबर भरणे कसे असते ते लिहून कळणार नाही, आणि अर्जदाराला ते रडगाणे गायचेही नाही. बाजूने पाहिले तर पडद्यावरची अक्षरे पांढुरकी होतात, त्यामुळे शेजारी बसून कुणाला डोकावता येत नाही. हा दोष म्हणावा की गुण, हे अजून ठरलेले नाही.

की-बोर्ड आखूड आहे. बाळासाहेबांनी एकदा त्यावर नाव टाइप करून पाहिले, तेव्हा त्यांचे बोट एका वेळी दोन कळांवर पडले. अर्जदाराची बोटे बारीक आहेत. सहा-सात खिडक्या एकदम उघडल्या तर लॅपटॉप बसकण मारतो, मग त्याला जरा थांबू द्यावे लागते. मूळची प्रणाली जुनी झाल्यामुळे रुपेश यांनी त्यात फुकट मिळणारी एक हलकी प्रणाली टाकून दिली आहे. तिच्यावर मराठी लिहिता येते, तक्ते होतात, मोबाइलचे नेट जोडून ईमेल जातो. कॅमेऱ्यात माणूस धुरात उभा असल्यासारखा दिसतो. प्रिंटरशी त्याचे पहिल्या खेपेला कधीच जमत नाही. हा अर्ज तिसऱ्या खेपेला छापला आहे.

प्रवासात लॅपटॉप घोडीच्या पाठीवर, दोन नवजात कोकरांच्या मधल्या पिशवीत असायचा. १९ फेब्रुवारीस एका कोकराने त्या पिशवीवर लघुशंका केली. आत प्लास्टिक होते, यंत्रास इजा नाही. ३ मार्चला डिंगोऱ्याच्या वाटेवर घोडी कशाला तरी बुजली आणि पिशवी कांद्याच्या वाफ्यात पडली. लॅपटॉपचा एक कोपरा उडाला. त्याच दिवशी अर्जदाराने त्यावर चौऱ्याण्णव नोंदी केल्या. सव्वा किलोचा होता म्हणून तो कांद्यात पडला, तीन किलोचा असता तर त्याने कांदेही घेतले असते आणि स्वतःही गेला असता.

६. आता जी चूक झाली ती. खेमनरांच्या घरची चूक आहे आणि ती कबूल आहे. कळपात नवीन जनावर पक्के झाले की त्याच्या पाठीवर घरची खूण करतात, म्हणजे अकरा कळप एका पाणवठ्यावर मिसळले तरी आपले कोणते ते लांबून कळते. खेमनरांची खूण तांबडी आडवी रेघ आणि खाली दोन ठिपके अशी आहे. नव्वद दिवस पुरे झाले त्या संध्याकाळी राघूबाबांनी अर्जदाराला न विचारता दाराचा उरलेला तांबडा ऑइल पेंट घेतला आणि लॅपटॉपला खूण केली. त्यांच्या मते जे उघडते ते तोंड, म्हणून खालची बाजू ती पाठ. आणि खालच्या बाजूला लॅपटॉपचा अनुक्रमांक छापलेले लेबल होते, त्यावरच बरोबर रेघ आली.

अर्जदाराने दुसऱ्या दिवशी ते पाहिले. तेव्हा तिच्या आईने पोरीचे तोंड उतरलेले पाहून, कुणालाही न सांगता, रॉकेल आणि राखुंडीने ती खूण घासून काढायला घेतली. आईच्या हाताला घासायची सवय असल्यामुळे लेबलवरची छपाई रंगाबरोबर निघून गेली. रेघ मात्र अर्धी राहिली. आता तिथे पांढरे लेबल आहे आणि त्यावर फिकट तांबडा डाग आहे.  बाबा म्हणाले, "माझी खूण व्हती ती. मी काय चोरीच्या मालावर केली व्हय?"

७. अनुक्रमांक लॅपटॉपच्या आतही असतो, आणि यंत्र सुरू करून एक ओळ टाइप केली की तो पडद्यावर येतो. हे रुपेश यांनी सांगितले आणि अर्जदाराने स्वतः करून पाहिले. हीच माहिती घेऊन ती २ मे रोजी तपासणीसाठी आपल्यासमोर हजर झाली. त्या तपासणीत काय घडले ते आपणास ठाऊक आहेच, परंतु आपल्या शेऱ्यात ते आलेले नसल्याने इथे नमूद करते.

आपण लॅपटॉप हातात न घेता पेनाच्या टोकाने फिरवला. "हे खेळणं कुठून आणलं?" असे विचारले. नंतर तो उलटा करायला सांगून लेबल पाहिले आणि नंबर कुठे आहे असे विचारले. अर्जदार म्हणाली, नंबर आत आहे, सुरू करून दाखवते. त्यावर आपण म्हणालात की, यंत्र सुरू करून पाहणे हा तपासणीचा दुसरा टप्पा आहे आणि अनुक्रमांक नोंदल्याशिवाय दुसरा टप्पा सुरू करता येत नाही. अर्जदार म्हणाली, पण सुरू केल्याशिवाय अनुक्रमांक दिसणार कसा? आपण म्हणालात, "तो तुमचा प्रश्न आहे." एकूण वेळ चार मिनिटे, त्यातले दीड मिनिट आपला फोन.

शेरा असा आला : 'यंत्र जुने, आकाराने लहान व अल्प किमतीचे, अनुक्रमांक अवाच्य. सबब दैनंदिन कामास अयोग्य. यंत्र नसल्याने उमेदवार अपात्र.' अर्जदार जिना उतरून खाली आली तेव्हा राघूबाबा वडाच्या पारावर काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांना तिने शेरा वाचून दाखवला. बाबांनी तो दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, "सत्तर वर्सं मेंढरं घेतली-दिली. दात बघितल्याबिगर आमी कोकरू घेत न्हाई. ह्यांनी तर तोंड बी न उघडता म्हातारी ठरिवली, राव." आणि मग म्हणाले की चूक आपल्या रंगाची झाली. महोदय, अर्जदाराला सगळ्यात जास्त संताप त्या वाक्याचा आला. ऐंशी वर्षांच्या माणसाने आपल्या मालाला आपली खूण केली आणि त्याला त्याची लाज वाटावी, असे काही घडलेले नाही.

८. तेव्हा शेऱ्यातल्या शब्दांना एकेक उत्तर देते.

जुने. होय, बारा वर्षांचे आहे. खेमनरांच्या कळपात सगळ्यांच्या पुढे जी चांदी नावाची मेंढी चालते तिचे निम्मे दात पडले आहेत. ओढ्याला पाणी असले की तरणीताठी मेंढरे काठावर खोळंबतात आणि चांदी पाण्यात पाय टाकते, मग बाकीची तिच्यामागे जातात.

लहान. होय, लहान आहे. एका हातात मेंढीचा कान असतो, दुसऱ्या हातात मावेल तेच यंत्र कामाचे. आपण "एवढ्याशा डब्यात काय मावणार?" असेही विचारले होते. त्यात अकरा कळपांच्या अकराशे शहाऐंशी मेंढ्या मावल्या आहेत, प्रत्येक आपल्या नंबरासकट, आणि अजून जागा आहे.

अल्प किमतीचे. स्वस्त असणे हा कोणत्या नियमाने दोष ठरतो तो नियम कृपया कळवावा. अर्जदाराने आपल्या कार्यालयात खुर्ची, पंखा आणि पाण्याचा माठ पाहिला आहे. माठ सगळ्यात स्वस्त आहे आणि उन्हाळाभर सगळे त्याच्याभोवतीच असतात.

राहता राहिला 'दैनंदिन' हा शब्द. इथे खरा वाद आहे. दैनंदिन म्हणजे कुणाचा दिवस? आपला दिवस पंख्याखाली, टेबलावर, भिंतीतल्या प्लगशेजारी जातो. त्या दिवसाला हा लॅपटॉप कदाचित पुरा पडणार नाही, ते अर्जदार मान्य करते. पण हे पद ज्या दिवसासाठी आहे तो कांद्याच्या वाफ्यात सुरू होतो आणि कुणाच्या तरी विहिरीवर संपतो. त्या दिवसाला काय योग्य आणि काय अयोग्य हे, जो तो दिवस काढतो त्याने सांगावे. अर्जदाराने असे नव्वद दिवस काढले आहेत, लॅपटॉपसकट.

९. बाळासाहेब हे भले गृहस्थ आहेत. त्यांनी अर्जदाराला बाजूला घेऊन काही मार्ग सुचवले. पहिला असा, "ताई, एखादा नंबर टाकून द्या स्केचपेननं, कोण बघतंय?" हा मार्ग अर्जदाराने नाकारला, कारण खोटा नंबर टाकायचा तर नोंदणीचे काम मागायचे कशाला? दुसरा असा की कंपनीकडून नवीन लेबल आणावे. कंपनीला फोन केला, तिकडच्या मुलीने हिंदीत सांगितले की इतक्या जुन्या यंत्राची लेबले आता निघत नाहीत, आणि नवीन घेतल्यास सवलत मिळेल. तिसरा मार्ग असा की शेजाऱ्याचा नवीन लॅपटॉप तपासणीपुरता आणून दाखवावा आणि काम मात्र आपल्यावरच करावे. हा मार्ग बहुतेक उमेदवारांनी पत्करला आहे असे समजते. अर्जदाराचा त्यांच्यावर राग नाही, पण उसनी मेंढी दाखवून आपला कळप मोजणाऱ्याला पठारावर काय म्हणतात ते अर्जात लिहिता येत नाही.

चौथा मार्ग अर्जदारालाच सुचला. आपल्या कक्षाच्या नियमानुसार कानात बिल्ला असलेले प्रत्येक जनावर अस्तित्वात आहे असे धरले जाते. तर या लॅपटॉपलाही एक पिवळा बिल्ला द्यावा. घोडीवरून पडून जो कोपरा उडाला आहे तिथे आयते भोक झालेले असून बिल्ला व्यवस्थित बसतो, हे मोजून पाहिले आहे. ही विनंती आपणास हास्यास्पद वाटल्यास, नंबर पाहिल्याशिवाय यंत्र उघडायचे नाही आणि यंत्र उघडल्याशिवाय नंबर दिसायचा नाही, या नियमाशेजारी ठेवून ती पुन्हा वाचावी.

१०. आता शेवटची आणि मुख्य गोष्ट. ती आपण विसरला असाल, किंवा आपणास कुणी सांगितली नसेल.

फेब्रुवारीत आपल्या कक्षाने नवा, साडेपंधरा इंची लॅपटॉप देऊन एक पर्यवेक्षक लसीकरणासाठी घोड नदीकाठी पाठवले होते. लस त्यांनीच टोचली आणि उत्तम टोचली. त्यांचा लॅपटॉप मात्र पहिल्या दिवशी दुपारी दीड वाजता चार्जिंग संपून बंद पडला. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो गाडीत ठेवला आणि घाम पुसत म्हणाले, "ताई, आता तुमच्याच डब्यात लिवा. मी टोचतो, तुमी नंबर घ्या." त्याप्रमाणे घोंगडीखाली बसून अर्जदाराने अकराशे शहाऐंशी नोंदी या लॅपटॉपवर केल्या. २८ मार्च रोजी ती फाइल याच लॅपटॉपवरून आपल्या कक्षास ईमेलने गेली. बाळासाहेबांचे 'मिळाली, लई उपकार झाले' असे उत्तर सोबत जोडले आहे. आपल्या दालनाबाहेरच्या फळ्यावर 'फिरते कळप लसीकरण : उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण' असे खडूने लिहिले आहे ते त्याच फाइलवरून. २ मे रोजी आपण हा लॅपटॉप अयोग्य ठरवलात तेव्हा तो फळा आपल्या पाठीमागे, उघड्या दारातून, अर्जदाराला दिसत होता.

तेव्हा हे यंत्र आहे की नाही, हे आता एकदा ठरवावे. यंत्र असेल तर अर्जदार पात्र आहे. यंत्र नसेल तर त्यावर केलेल्या नोंदी नाहीत, नोंदी नसतील तर लस नाही, आणि लस नसेल तर अकराशे शहाऐंशी मेंढ्या पाऊस लागण्याआधी आपल्या कक्षाने पुन्हा टोचायच्या आहेत. तिसरी वाट अर्जदाराने शोधून पाहिली, सापडली नाही. फळ्यावर शंभर टक्के आणि कागदावर यंत्र नाही, असे दोन्ही चालणार नाही. गेल्या वर्षी कपाटात नोंद होती आणि खड्ड्यात मेंढ्या होत्या. यंदा नोंद मेंढ्यांबरोबर चालली आहे, आणि ती अर्जदार कुणालाही कपाटात ठेवू देणार नाही.

११. सबब विनंती एवढीच, की सोमवार दि. १९ मे २०२५ रोजी सकाळी अकरा वाजता आपण हा लॅपटॉप स्वतःच्या हाताने उघडावा आणि अडतीस सेकंद थांबावे. नंबर समोर येईल. तो आपण आपल्या अक्षरात लिहून घ्यावा आणि शेरा बदलावा. अर्जदाराला त्या दिवशी चहा, खुर्ची किंवा दिलगिरी यांपैकी काहीही नको.

हे शक्य नसल्यास 'सदर यंत्र अस्तित्वात नाही' असे सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे, म्हणजे फेरलसीकरण लगेच सुरू करता येईल. त्यासाठी आपल्या पथकाला रानोमाळ फिरण्याचा त्रास नको, म्हणून अकराही कळप त्या सकाळी आपल्या कार्यालयाच्या आवारात हजर राहतील. ते तसेही परतीच्या वाटेवर असून रविवारी ओझरच्या अलीकडे मुक्कामाला आहेत. अकराही घरची माणसे या गोष्टीला कबूल झाली आहेत, राघूबाबा स्वतः पुढे असतील आणि चांदीला जुन्नरचा रस्ता माहीत आहे. चाऱ्याची व्यवस्था करू नये. आपल्या दारातल्या गुलाबाच्या आणि शेवंतीच्या कुंड्या मात्र आदल्या दिवशी आत घ्याव्यात, कारण अर्जदार आपला शेरा वाचू शकते, मेंढरांना वाचता येत नाही.

दि. १३ मे २०२५
मुक्काम : डिंगोरे शिवार

आपली नम्र, आणि सोमवारी नक्की हजर,
(सही)
ऋतिका दादाभाऊ खेमनर

अर्जातील मजकूर वाचून घेतला, बरोबर आहे. रंग मीच लावला.
राघू खेमनर यांचा अंगठा (तांबडा आहे, शाई मिळाली नाही.)

सोबत जोडले आहे :
१) जाहिरातीची प्रत, यंत्राबद्दलच्या वाक्याखाली रेघ मारून.
२) आपल्या दोन ओळींच्या शेऱ्याची प्रत.
३) नव्वद दिवसांची रोजनिशी, पाने ४१. पान १७ वरचा डाग कोकराचा आहे.
४) दि. २८ मार्चच्या ईमेलची व बाळासाहेबांच्या उत्तराची छापील प्रत.
५) अकरा कळपांच्या घरधन्यांचे संमतीपत्र.
६) लॅपटॉप जोडलेला नाही. तो अर्जदाराजवळ असून सुरू आहे.